‘रन’ : एका इंग्रजी शब्दाची धाव

इंग्रजी भाषेच्या पहिल्या पुस्तकात जे दहा-वीस क्रियाशब्द मुलाच्या हाती पडतात, त्यांत ‘रन’ हा शब्द हटकून असतो. शेजारी धावणाऱ्या मुलाचे चित्र असते आणि खाली अर्थ दिलेला असतो : धावणे. मूल तो अर्थ पाठ करते आणि शब्द आपल्या मालकीचा झाला असे समजते. पुढे तीन-चार इयत्ता गेल्यावर त्याला वाक्य भेटते की, नदी गावाजवळून ‘रन’ होते. मग भेटते की, काका एक दुकान ‘रन’ करतात. मग असे की, रस्ता टेकडीपर्यंत ‘रन’ होतो, मुलाचे नाक ‘रन’ होते, साडीचा रंग ‘रन’ होतो आणि नाटक सहा महिने ‘रन’ झाले. रस्ता जागचा हलत नाही. दुकानाला पाय नाहीत. नाटक तर रंगमंदिराबाहेरही पडलेले नाही. मग धावले कोण?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे एका तीन अक्षरी शब्दातून केवढा पसारा उभा राहतो, हे पाहण्यासारखे आहे. ऑक्स्फर्डचा बृहत् इंग्रजी कोश हा या बाबतीत सर्वांत अधिकारी ग्रंथ मानला जातो. १८५७ साली लंडनच्या भाषाशास्त्र मंडळात त्याची कल्पना निघाली. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी संपादनाची धुरा उचलली, तेव्हा दहा वर्षांत काम आटोपेल असा अंदाज होता. पाच वर्षांनी, १८८४ साली, पहिला भाग बाहेर पडला, त्यात काम ‘ए’ या पहिल्या अक्षराच्या मध्यापर्यंतच पोहोचले होते. कोश पुरा झाला तो १९२८ मध्ये. मरे त्यापूर्वीच, १९१५ साली, निवर्तले होते. या विलंबाचे एक मोठे कारण कठीण आणि दुर्मीळ शब्द हे नव्हते. कठीण शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो. तो सांगितला की संपादक मोकळा होतो. कोशकारांना खरे छळले ते ‘सेट’, ‘गो’, ‘टेक’, ‘पुट’, ‘रन’ अशा घरगुती, पोरासोरांच्या तोंडच्या शब्दांनी.

या कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत अधिक अर्थ ‘सेट’ या क्रियापदाच्या नावे होते; त्यांची संख्या ४३० भरली. पुढे २००० सालापासून तिसऱ्या आवृत्तीचे संशोधन सुरू झाले आणि अनुक्रम पालटू लागला. आधी ‘मेक’ पुढे गेला, मग २००७ साली ‘पुट’, आणि २०११ साली ‘रन’ या शब्दाची नोंद सुधारून झाली तेव्हा त्याच्या केवळ क्रियापदाचे ६४५ अर्थ मोजले गेले. पीटर गिलिव्हर या संपादकाचे नऊ महिने या एका शब्दापायी खर्ची पडले. नाम म्हणून होणारे त्याचे उपयोग यांत धरलेले नाहीत.

अशा आकड्यांनी मन थक्क होते, पण त्यांतून बोध मात्र होत नाही. ६४५ अर्थ कोणी पाठ करीत नाही. इंग्रज मूलही ते पाठ करीत नाही. तरीही ते पाच-सहा वर्षांचे असतानाच त्यांतले पुष्कळसे बिनचूक वापरते. याचा अर्थ, या पसाऱ्याला कुठेतरी एक खोड असले पाहिजे. ते खोड हाती लागले की फांद्या आपोआप ओळखू येतात.

त्यासाठी शब्दाच्या पूर्वपीठिकेकडे वळावे लागते. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजार वर्षांपूर्वी, या ठिकाणी एक नव्हे तर दोन क्रियापदे होती. एकाचा अर्थ स्वतः धावणे किंवा वाहणे, दुसऱ्याचा अर्थ दुसऱ्यास धावविणे. घोडा दौडविणे हा त्याचा ठळक उपयोग. मराठीत चालणे आणि चालविणे यांत जो भेद आहे तोच हा भेद होय. त्यातही पहिल्या क्रियापदाचे रूप ‘रिनन’ आणि ‘इरनन’ असे दोन्ही प्रकारे आढळते. मराठीत ‘नुकसान’चे बोलताना ‘नुसकान’ होते, तसा हा वर्णांचा उलटापालट आहे. उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतही याच कुळीचे शब्द होते. त्यांची भर पडली. कालांतराने ही सारी रूपे एकमेकांत मिसळली आणि स्वतः धावणे व दुसऱ्यास धावविणे या दोन्ही क्रियांना एकच शब्द उरला.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयाच्या. पहिली ही की, ‘रन’ याचा ‘वाहणे’ हा अर्थ मागाहून चिकटलेला अलंकार नव्हे. तो ‘धावणे’ या अर्थाइतकाच जुना आहे. जर्मन भाषेत आजही ‘रेनेन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनेन’ म्हणजे वाहणे, झिरपणे अशी दोन भावंडे वेगळी नांदत आहेत. दुसरी ही की, प्रयोजक क्रियापद त्यात विरघळून गेल्यामुळे ‘घोडा रन होतो’ आणि ‘माणूस घोडा रन करतो’ ही दोन्ही वाक्ये इंग्रजीत सुखाने नांदू लागली. काकांच्या दुकानाचे कोडे येथे सुटते. दुकान धावत नाही, काका त्याला चालते ठेवतात.

संस्कृत जाणणाऱ्याला या प्रकाराचे नवल वाटू नये. ‘धाव्’ या धातूचे संस्कृतातही धावणे आणि धुणे असे दोन अर्थ आहेत. म्हणून ‘धावन’ म्हणजे पळणेही होते आणि ‘दंतधावन’ या शब्दात तेच धावन दात घासण्याचे काम करते. ‘सृ’ म्हणजे सरणे, वाहणे. त्यापासून ‘सरिता’ झाली आणि त्यापासूनच ‘संसार’ झाला. एकसारखे सरत राहते, वाहत राहते, ते संसार. इंग्रज गृहिणी घर ‘रन’ करते आणि मराठी गृहिणी संसार चालविते. दोघींच्या भाषांनी घराकडे पाहताना वाहत्या पाण्याचीच आठवण ठेवली आहे.

तेव्हा या शब्दाचे खोड असे सांगता येईल : एखाद्या मार्गाने, खंड न पडता, पुढे पुढे जाणे. धावणाऱ्याचे पाय हे त्याचे एक रूप, पाण्याचा ओघ हे दुसरे. आता फांद्या पाहाव्या. पाणी वाहते, तसा नळ वाहतो, तसे सर्दी झालेले नाक वाहते, तसा कच्चा रंग पाण्याबरोबर कापडावर पसरतो. हे सर्व ‘रन’. धावणारा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचतो. तशी रस्त्याची, कुंपणाची किंवा डोंगराच्या रांगेची रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते. येथे वस्तू स्थिर आहे, पण पाहणाऱ्याची नजर तिच्यावरून धावते. मराठीतही ‘रस्ता गावाला जातो’ असे म्हणतातच. रस्ता जात नाही हे सर्वांना माहीत असते. मग जागेच्या ठिकाणी काळ येतो. करार तीन वर्षे ‘रन’ होतो, नाटक सहा महिने ‘रन’ होते, एखादा गुण घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ‘रन’ होतो. शेवटी यंत्र येते. अठराव्या शतकापासून गिरण्या, वाफेची यंत्रे, आगगाड्या आल्या, त्या अखंड फिरत राहू लागल्या आणि त्यांच्या फिरण्याला इंग्रजांनी हाच शब्द लावला. विसाव्या शतकात संगणक आला, त्यावरील प्रोग्रॅमही ‘रन’ होऊ लागला. यंत्रयुगाने या एका शब्दावर जेवढे ओझे घातले, तेवढे क्वचितच दुसऱ्या शब्दावर घातले असेल.

दोन भाषांच्या स्वभावातील भेद येथे मोठ्या मौजेने दिसून येतो. इंग्रज ज्याला धावावयास लावतो, त्याला मराठी माणूस चालावयास लावतो. यंत्र चालते, घड्याळ चालते, शाळा चालते, खटला चालतो, दुकान चालते, नाटक चालते. ही एकट्या मराठीची रीत नव्हे. हिंदीत ‘चलाना’, गुजरातीत ‘चलाववुं’, कोंकणीत ‘चलोवप’ हेच शब्द या कामी येतात. आणि ज्यांचे कूळ सर्वस्वी वेगळे त्या कानडीत व तेलुगूतही दुकान चालविण्याला ‘नडेसु’, ‘नडुपु’ असे चालण्यावरूनच निघालेले शब्द आहेत. इंदूर, वडोदरे, बेळगाव, पणजी, हैदराबाद या सर्व ठिकाणचे मराठी कुटुंब शेजाऱ्याच्या भाषेत डोकावले तर त्याला आपलीच चाल तेथे आढळेल. पैशाच्या बाबतीतही असेच. इंग्रजीत नाण्याला ‘करन्सी’ म्हणतात. तो शब्द लॅटिन भाषेतील धावणे या अर्थाच्या धातूपासून आला. मराठीत त्याला ‘चलन’ म्हणतात. तिकडे पैसा धावतो, इकडे चालतो; हातात मात्र कोणाच्याच थांबत नाही.

निवडणुकीत तर हा भेद तीन पदरी होतो. अमेरिकेत उमेदवार अध्यक्षपदासाठी ‘रन’ करतो, म्हणजे धावतो. इंग्लंडात उमेदवार पार्लमेंटसाठी ‘स्टँड’ करतो, म्हणजे उभा राहतो. मराठीत तो निवडणुकीला उभाच राहतो. येथील राज्यव्यवहाराचा इंग्लंडशी जो संबंध आला त्याची खूण या वाक्प्रचारात उमटलेली दिसते. अलीकडे अमुक गृहस्थ अध्यक्षपदासाठी ‘धावत आहेत’ असे भाषांतर क्वचित वाचावयास मिळते. वाचकाच्या डोळ्यांपुढे मग धोतराचा सोगा सावरीत पळणारे वयोवृद्ध पुढारी उभे राहतात आणि मूळ बातमी बाजूला पडते.

क्रिकेटमध्ये मात्र ‘रन’चे मराठी रूप ‘धाव’ हेच बरोबर ठरले. प्रारंभीच्या काळी गुण मोजण्यासाठी काठीवर खाचा पाडीत आणि त्या गुणाला ‘नॉच’, म्हणजे खाच, असेच म्हणत. पुढे फलंदाजाच्या प्रत्यक्ष धावण्यावरून ‘रन’ हे नाव रूढ झाले. आता चेंडू सीमेपार गेला तर फलंदाज जागचा हलतही नाही, तरी त्याच्या नावे चार किंवा सहा धावा मांडल्या जातात. शब्द क्रियेपासून सुटला आणि निव्वळ मोजमाप झाला. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांनी मराठीतून सामन्यांचे धावते वर्णन केले, तेव्हा धाव, धावसंख्या, धावफलक, धावबाद हे शब्द घरोघरी गेले. ते आज परके वाटत नाहीत.

त्यांना परके न वाटण्याचे आणखी एक कारण आहे. ‘धाव’ हा शब्द मराठीत आधीच अनेक कामे करीत होता. बैलगाडीच्या चाकावर चढविलेल्या लोखंडी पट्ट्याला धाव म्हणतात. मोटेचे बैल विहिरीपासून ज्या उतारावरून खाली जातात, त्या उतारालाही धाव म्हणतात. संकटात सापडलेला भक्त देवाचा धावा करतो आणि देव धाव घेतो. उलट, रागावलेला माणूस दुसऱ्याच्या अंगावर धावून जातो. एकाच धावण्यात साहाय्य आणि हल्ला ही दोन्ही बसली. कुंपणापर्यंत सरड्याची धाव सांगणारी म्हण तर प्रसिद्धच आहे. तेव्हा अनेकार्थता ही इंग्रजीची मिरास आहे असे समजण्याचे कारण नाही. मराठीतील ‘लागणे’ हे एकच क्रियापद घ्या. तहान लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते, दिवे लागतात, नाद लागतो, नंबर लागतो, पैसे लागतात, बस लागते. मूल रडू लागते आणि आईला उठावे लागते. मराठी शिकणाऱ्या इंग्रजाला हे कोडे ‘रन’पेक्षा तिळमात्र सोपे नाही.

मराठीतून इंग्रजीचा अर्थ सांगण्याचे काम पहिल्याने पद्धतशीर अंगावर घेतले ते मोल्सवर्थ आणि कँडी यांनी. मोल्सवर्थांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. इंग्रजी-मराठी कोशाचे काम कँडी यांनी पूर्ण करून तो १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे राज्यकारभाराच्या शब्दांसाठी वडोदरे संस्थानाने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनकल्पतरू’ हा कोश प्रसिद्ध केला. त्यात इंग्रजी शब्दांसमोर मराठी, गुजराती, हिंदी, संस्कृत, उर्दू, फारसी आणि बंगाली असे सात भाषांतील पर्याय मांडले होते. एका इंग्रजी शब्दाला कचेरीत नेमके काय म्हणावे, हा प्रश्न एका संस्थानाला एवढा मोलाचा वाटला, याचे कारण उघड आहे. शब्द चुकला की कागद चुकतो, आणि कागद चुकला की माणसाचे नुकसान होते.

हे नुकसान किती खरे असते, याची प्रचिती न्यायालयात येते. समजा, एका माणसाला एकाच खटल्यात दोन गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली : एकीत तीन वर्षे, दुसरीत पाच वर्षे. निकालपत्रात शिक्षा कशा ‘रन’ व्हाव्यात, हे सांगितलेले असते. त्या एकत्र ‘रन’ होणार असतील, तर पाच वर्षांनी माणूस घरी येतो. एकीमागून एक ‘रन’ होणार असतील, तर आठ वर्षांनी येतो. घरच्या मंडळींच्या दृष्टीने तीन वर्षांचे अंतर त्या वाक्याच्या अर्थात दडलेले असते. ‘शिक्षा एकत्र धावतील’ असे भाषांतर करून दिले, तर त्यातून कोणालाही काही उमगणार नाही. ‘दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगावयाच्या’ असे लिहिले, तर अशिक्षित आईलाही मुलगा केव्हा सुटेल ते कळते.

मुदतीच्या कायद्याचेही तसेच आहे. १९६३ च्या भारतीय मुदत अधिनियमात असे तत्त्व आहे की, दाव्याची मुदत एकदा ‘रन’ होऊ लागली म्हणजे पुढे उद्भवलेल्या कोणत्याही असमर्थतेमुळे ती, एक मर्यादित अपवाद सोडता, थांबत नाही. हातउसने दिलेले पैसे वसूल करण्याचा दावा सर्वसाधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. कर्ज देणारा मध्यंतरी भ्रमिष्ट झाला, म्हणून घड्याळ थांबत नाही. येथे ‘रन’ शब्दात धावणे आहे, ओघ आहे आणि निष्ठुरताही आहे. नोटिशीतील हा एक शब्द वाचून, ‘मुदत चालू आहे, म्हणजे अद्याप पुष्कळ अवकाश आहे’ असा समज कोणी करून घेतला, तर त्याचा हक्क हातचा जातो. वास्तविक त्या शब्दाचा इशारा नेमका उलटा असतो : मुदत सरत आहे, त्वरा करा.

पेढीच्या व्यवहारात हाच शब्द नाम होऊन येतो. बँकेवर ‘रन’ आला, म्हणजे ठेवीदारांनी आपापले पैसे काढून घेण्यासाठी एकदम धाव घेतली. बँकेजवळ सर्वांच्या ठेवी एकाच वेळी रोख परत देण्याइतका पैसा तिजोरीत कधीच नसतो. बहुतेक पैसा कर्जाऊ दिलेला असतो. त्यामुळे नुसत्या अफवेने धाव सुरू झाली, तरी सुस्थितीतील बँकही अडचणीत येऊ शकते. १९६० साली केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली, त्याआधी तिच्यावर अशीच धाव आली होती. या घटनेनंतर ठेवींना विम्याचे संरक्षण देण्याचा कायदा झाला आणि १९६२ च्या प्रारंभापासून ठेव विमा महामंडळाचे काम सुरू झाले. तेव्हा प्रत्येक ठेवीदारामागे १५०० रुपयांपर्यंत संरक्षण होते. २०२० साली ते पाच लाख रुपये झाले. या ‘रन’ला मराठीत ‘बँकेवर धाव’ म्हणता येते आणि ते शोभतेही. कारण अंगावर धावून जाण्याची छटा मराठी शब्दात आहेच.

आता या शब्दामागे जी लहान लहान अव्यये लागतात, त्यांचा विचार केला पाहिजे. विद्यार्थ्याची खरी दमछाक तेथेच होते. ‘रन आउट’ म्हणजे संपणे : घरातली साखर संपली, वेळ संपला, क्रिकेटमध्ये तेच धावबाद. ‘रन इनटू’ म्हणजे आदळणे, तसेच अवचित गाठ पडणे. खर्च लाखाच्या घरात गेला, हेही त्यानेच सांगतात. ‘रन अप’ म्हणजे उधारी चढविणे, तसेच घाईघाईने कपडा शिवून देणे. ‘रन डाउन’ म्हणजे घड्याळाची किल्ली उतरणे, माणूस अशक्त होणे, एखाद्याची निंदा करणे आणि बेपत्ता झालेली वस्तू शोधून काढणे. ‘रन ओव्हर’ तर तिहेरी : भांडे भरून उतू गेले, माणूस गाडीखाली सापडला, व्याख्यानाचा वेळ उलटून गेला.

हा प्रकार वरवर स्वैर दिसतो. पण संस्कृत उपसर्गांची आठवण ठेवली, तर त्याचे भय वाटेनासे होते. ‘हृ’ या एकाच धातूपासून आहार, विहार, संहार, प्रहार, परिहार असे परस्परांशी काडीचाही संबंध नसलेले शब्द होतात, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला सांगितलेले असते. इंग्रजीने तीच युक्ती वापरली. फरक इतकाच की, संस्कृतात उपसर्ग पुढे बसतो आणि इंग्रजीत अव्यय मागे येते. म्हणून ‘रन’ आणि ‘आउट’ यांचे अर्थ वेगवेगळे पाठ करून त्यांची बेरीज करण्यात हशील नाही. तो एक नवा शब्द आहे असे समजूनच शिकला पाहिजे.

मग एवढ्या अर्थांतून प्रसंगी योग्य तो अर्थ ओळखावा कसा? याचे उत्तर भारतीय शास्त्रकारांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. भोजनाला बसलेल्याने ‘सैंधव आण’ म्हटले, तर मीठ आणावयाचे. प्रवासाला निघालेल्याने म्हटले, तर घोडा आणावयाचा. शब्द एकच, अर्थ प्रसंगाने ठरविला. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त अनेकार्थी शब्दाचा अर्थ निश्चित करणाऱ्या गोष्टींची यादीच दिली आहे, तीत संयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काल यांचा समावेश आहे. विसाव्या शतकात जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली असेच प्रतिपादन केले की, शब्दाची ओळख त्याच्या सोबत्यांवरून पटते. हे फर्थ तरुणपणी काही वर्षे लाहोरच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. ‘रन’च्या शेजारी नदी बसली की तो वाहतो, ताप बसला की चढतो, वृत्तपत्र बसले की छापतो, नाटक बसले की चालतो, पायमोजा बसला की उसवतो.

आणखी एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ साली असे दाखवून दिले की, जो शब्द जितका अधिक वापरात, तितके त्याचे अर्थ अधिक. चलनी नाणे हातोहात फिरून झिजते, शब्द तोंडोतोंडी फिरून वाढतो. म्हणून कोशात दीर्घ नोंद दिसली की भिऊ नये. ती त्या शब्दाच्या लोकप्रियतेची पावती असते.

या सर्व विवेचनातून दोन गोष्टी व्यवहारात आणण्यासारख्या आहेत. पहिली विद्यार्थ्यांसाठी. शब्दाचा अर्थ सुटा पाठ करू नये; त्याच्या सोबत्यासह, वाक्यासह, लिहून ठेवावा. ‘रन : धावणे’ अशी एक ओळ वहीत लिहिण्याऐवजी दहा छोटी वाक्ये लिहिली, तर त्या दहांतून अकराव्याचा अर्थ मुलाला स्वतःच काढता येतो. कोश पाहताना पहिल्या अर्थावर समाधान मानून पान मिटू नये. हाती असलेल्या वाक्याला जो अर्थ लागू पडतो, तेथपर्यंत बोट खाली नेले पाहिजे.

दुसरी गोष्ट भाषांतर करणाऱ्यांसाठी आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. इंग्रजीने एका ‘रन’वर जे ओझे घातले, ते मराठीने अनेक क्रियापदांत वाटून दिले आहे : धावणे, पळणे, वाहणे, गळणे, चालणे, जाणे, पसरणे, उतरणे, उसवणे, सरणे, संपणे, छापणे, भोगणे. ही श्रीमंती आहे. जेथे जेथे ‘रन’ दिसेल तेथे तेथे ‘धावणे’ बसविले, तर ही बाकीची क्रियापदे हळूहळू निरुद्योगी होतील आणि इंग्रजीची अनेकार्थता तर मराठीत येणार नाहीच. ज्या गावांत घराबाहेर पडताच दुसरी भाषा सुरू होते, तेथे राहणाऱ्या मराठी माणसाला हे अधिक जपले पाहिजे. कारण तेथे चुकीचा शब्द दुरुस्त करणारे शेजारी थोडे असतात. परक्या भाषेतला शब्द समजून घेताना त्याचे मूळ आणि त्याचे सोबती पाहावे. आणि तो अर्थ आपल्या भाषेत आणताना, आपल्या घरात त्या कामासाठी कोणता शब्द पूर्वीपासून राबत आहे, ते आधी विचारावे. तसे केले म्हणजे नदी वाहील, दुकान चालेल, रंग उतरेल, मुदत सरेल. आणि ज्याला खरोखर धावावयाचे आहे, तो तेवढाच धावेल.